अंटार्क्टिकाच्या हिवाळ्यात सांगलीचा भडंग: गावभागातील एका फराळ-केंद्राच्या डब्यांविषयी

सांगलीच्या गावभागात एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर एक घरगुती फराळ-केंद्र चालते. दारावर पाटी नाही, आणि केंद्र चालवणाऱ्या काकूंना जाहिरातही नको आहे. हा अभिप्राय लिहिण्याची परवानगी त्यांनी नाव न घालण्याच्या अटीवरच दिली. परदेशी शिकायला निघालेल्या मुलांचे आणि सरहद्दीवर असलेल्या जवानांचे फराळाचे डबे लांबच्या प्रवासासाठी बांधून देणे हे त्यांचे खास काम आहे. गेल्या मोहिमेत हवामान निरीक्षक म्हणून मी अंटार्क्टिकावरील मैत्री या भारतीय स्थानकावर तेरा महिने होतो, आणि त्यांनी बांधलेला बारा किलो फराळ तेथे माझ्याजवळ होता. त्यांच्या डब्यांची एवढी लांबची आणि एवढी दीर्घ परीक्षा यापूर्वी झाली नसावी, म्हणून जे उत्तम निघाले आणि जे फसले ते दोन्ही सविस्तर लिहीत आहे.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. घरचा फराळ न्यावा लागतो तो तेथे खायला मिळत नाही म्हणून नव्हे. मैत्री हे स्थानक १९८९ पासून शिर्माकर ओॲसिस नावाच्या बर्फमुक्त, खडकाळ टेकड्यांच्या पट्ट्यात उभे आहे; त्याआधीचे दक्षिण गंगोत्री समुद्रावर पसरलेल्या बर्फाच्या जाड थरावर बांधलेले होते आणि हळूहळू बर्फाखाली गाडले गेले. मैत्रीवर स्वयंपाकी असतो, धान्य आणि डाळी भरपूर असतात, गोठवलेल्या भाज्या असतात, आणि समोरच्या प्रियदर्शिनी तलावाचा पृष्ठभाग गोठला तरी खालून पाणी मिळते. परंतु मार्चमध्ये शेवटचे जहाज परत गेले की पुढच्या उन्हाळी हंगामापर्यंत एरवी जहाजही येत नाही आणि विमानही. कांदे-बटाटे संपतात, कोथिंबिरीचा वास विसरायला होतो, आणि पंचवीसएक माणसे तीच चव महिनोन्‌महिने चाखतात. बर्फाला वास नाही, खडकाला वास नाही, गोठलेल्या हवेत कसलाच वास तरंगत नाही. त्यामुळे लसणाच्या फोडणीचा वास असलेला एक डबा उघडणे ही तेथे केवढी मोठी गोष्ट असते, हे सांगलीत बसून सांगणे अवघड आहे.

काकूंकडे मी गेलो तेव्हा मी फक्त थंडीविषयी बोलत होतो. उणे तीस अंश, हिमवादळे, सहा-सात महिन्यांचा हिवाळा असे सगळे सांगून झाल्यावर त्यांनी शांतपणे विचारले, “थंडीचं राहू दे बाळ, डबा उन्हात किती दिवस राहणार ते आधी सांग.” या एका प्रश्नावरून मला त्यांच्या कामाची पत कळली. आमचा बहुतेक माल गोव्यातून कंटेनरमध्ये भरून समुद्रमार्गे केपटाउनला जातो आणि तेथून मोहिमेच्या जहाजावर चढतो. मी स्वतः नोव्हेंबरमध्ये केपटाउनहून विमानाने गेलो, पण ऑक्टोबरमध्ये बांधलेले डबे माझ्या हाती पडले ते थेट जानेवारीच्या अखेरीस. मधल्या काळात ते लोखंडी कंटेनरच्या उकाड्यात विषुववृत्त ओलांडून आले होते. तळलेले शेंगदाणे खवट होतात ते उष्णता, हवा आणि उजेड यांमुळे. थंडी उलट खवटपणा लांबवते. म्हणजे या फराळाला खरा धोका होता तो पहिल्या दोन-तीन महिन्यांत, आणि तो काकूंनी नकाशा न पाहता ओळखला होता.

याच कारणासाठी त्यांनी साताऱ्याचे कंदी पेढे बांधून द्यायला साफ नकार दिला. मी आग्रह केला, पैसे जास्त देतो म्हटले, तरी “खवा तिथवर टिकणार नाही आणि नाव माझं खराब होईल” एवढेच त्या म्हणाल्या. गिऱ्हाइकाला नाही म्हणणारा दुकानदार मला नेहमीच भरवशाचा वाटत आला आहे. भडंगासाठी त्यांनी शेंगदाणे तळण्याऐवजी भाजून घेतले, तेल नेहमीच्या निम्मे वापरले, आणि लसूण अगदी कुरकुरीत होईपर्यंत परतला, कारण ओलसर राहिलेली एक पाकळी सगळा डबा बिघडवते असे त्यांचे म्हणणे होते. चुरमुरे त्यांनी कडक उन्हात दोन दिवस वाळवले. निर्वात पॅकिंग करून घ्यावे असे मी सुचवले होते. त्यांनी मूठभर चुरमुरे पिशवीत घालून यंत्रातून काढून दाखवले, तर आत भुगा झाला होता. त्यामुळे जाड पत्र्याचे डबे, आत पिशव्या, आणि पोकळी राहू नये म्हणून गच्च भरलेली भरणी असा मार्ग ठरला.

बांधणीच्या सामानावरून मात्र आमची बरीच चर्चा झाली, आणि अंटार्क्टिकाला जाणाऱ्या इतरांसाठी ती मुद्दाम लिहितो. अंटार्क्टिक करारातील देशांनी १९९१ मध्ये माद्रिद येथे पर्यावरणरक्षणाचा जो मसुदा स्वीकारला, त्यात काही वस्तू त्या खंडावर नेण्यास सरळ बंदी आहे. निर्जंतुक न केलेली माती आणि कीटकनाशके त्यांत आहेतच, पण पॅकिंगमध्ये भरतात ते थर्मोकोलचे मणी आणि तुकडेही आहेत, कारण वाऱ्याने ते एकदा पसरले की गोळा करता येत नाहीत आणि पक्ष्यांच्या पोटात जातात. भारतानेही २०२२ मध्ये अंटार्क्टिकाविषयी स्वतःचा कायदा केला आहे. काकूंच्या कोपऱ्यात कुरिअरसाठी आणलेले थर्मोकोलचे पोते होते. ते बाजूला ठेवून त्यांनी जुन्या सुती साड्यांचे तुकडे धुऊन, इस्त्री करून डब्यांच्या मध्ये भरले. डबे गोणपाटात शिवण्याची त्यांची पद्धत होती, तीही मी थांबवली. गोणपाटाच्या धाग्यांत गवताचे बी आणि मातीचे कण अडकलेले असतात, आणि किंग जॉर्ज बेटावरील एका पोलिश स्थानकाच्या परिसरात बाहेरून आलेले गवत रुजल्याचे उदाहरण आहे. आमच्या बुटांच्या तळव्यांतील खाचासुद्धा घासून स्वच्छ करून घेतल्या जातात, मग गोणपाट कोठून चालणार? त्याऐवजी काकूंनी कोरे मांजरपाट धुऊन त्यात डबे शिवले. एवढा खटाटोप केल्याबद्दल त्यांनी एक पैसा वाढवून घेतला नाही. भडंगाचा दर किलोला ३२० रुपये आणि डबे, पिशव्या व शिलाई मिळून ६०० रुपये असा सगळा हिशेब त्यांनी आधीच कागदावर लिहून दिला होता.

आता दोषाकडे वळतो, कारण तो लहान नव्हता. इंडिया बे येथे बर्फाच्या कड्याशी जहाज लागते, आणि तेथून सुमारे शंभर किलोमीटर अंतर पट्ट्यांवर चालणाऱ्या बर्फगाड्यांच्या मागे घसरगाड्या जोडून माल मैत्रीपर्यंत ओढून आणतात. वाऱ्याने कोरलेल्या बर्फाच्या कठीण लाटांवरून घसरगाडी जाते तेव्हा तिच्यातील प्रत्येक वस्तूला तासन्‌तास दणके बसतात. मी पहिला डबा उघडला तेव्हा आतील पारदर्शक, चुरचुर वाजणाऱ्या पिशव्या काचेसारख्या तडकलेल्या होत्या आणि त्यांचे टोकदार तुकडे भडंगात मिसळले होते. पिशव्या पॉलिप्रॉपिलीनच्या होत्या. हे प्लास्टिक शून्याच्या खाली गेले की ठिसूळ होत जाते. दुधाच्या पिशवीचे मऊ पॉलिथिन त्याहून कितीतरी जास्त थंडी सोसते. पहिल्या डब्यातील दोन किलो भडंग आम्ही ताटात पसरून, प्रत्येक तुकडा वेचून मगच खाल्ला, आणि शंका आलेला भाग टाकून दिला. दुसरा दोष गोंदाचा. डब्यांवर नावे लिहिलेल्या चिठ्ठ्या ज्या गोंदाने चिकटवल्या होत्या, तो गोंद थंडीत सुटला आणि चिठ्ठ्या गळून पडल्या. बाहेरच्या कंटेनरमध्ये काळोखात, डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडात, जाड हातमोजे घालून चार सारख्या डब्यांतून चटणीचा डबा ओळखणे हे काम मला जूनमध्ये दोनदा करावे लागले. काकूंना याची कल्पना असणे शक्यच नव्हते, हे मान्य करूनही दोष तो दोषच.

भडंग मात्र अप्रतिम टिकला. त्यात वाटा जसा काकूंच्या हाताचा, तसा तेथील हवेचाही आहे. सांगलीत जुलै महिन्यात भडंगाचा डबा तासभर उघडा राहिला तर चुरमुरे सादळतात, दाताखाली चिवट लागतात. मैत्रीवर सादळणे हा शब्दच निरुपयोगी होतो. उणे पंचवीस अंशांची हवा अगदी थोडे बाष्प धरून ठेवू शकते. तीच हवा आत घेऊन वीस अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता तीन टक्क्यांच्या आसपास येते. माणसांचा श्वास आणि स्वयंपाकघरातील वाफ यांमुळे खोलीत प्रत्यक्षात ती थोडी अधिक असते, तरी ओठ फुटतात, नखांच्या कडा चिरतात, आणि लोकरीचा स्वेटर काढताना ठिणग्या उडतात. मी ताटलीत भडंग काढला की चुरमुरे स्थिर विद्युतभारामुळे पिशवीच्या आतल्या बाजूला, माझ्या बाहीला, अगदी चमच्यालाही चिकटून बसत. झटकले तर उडून दुसऱ्या बाहीवर जात. ऑक्टोबरमध्ये सांगलीत भरलेला भडंग पुढच्या सप्टेंबरमध्ये दाताखाली तसाच कुरकुरत होता. खवटपणाचा वासही नव्हता. लसणाचा सुगंध निम्म्यावर आला होता आणि तिखट मात्र जसेच्या तसे होते.

हाच कोरडेपणा बेदाण्यांना बाधला. तासगावचे हिरवे बेदाणे वर्षाच्या मध्यावर खड्यासारखे झाले आणि त्यांच्या अंगावर साखरेचे कण दिसू लागले; रात्रभर पाण्यात भिजवले तेव्हा पूर्ववत झाले. शेंगदाण्याची चटणी चांगली राहिली. मेतकुटाविषयी वेगळे लिहिण्यासारखे काही नाही, एवढेच की ते सर्वांत आधी संपले.

कैरीच्या लोणच्यावर मी थोडे अधिक लिहितो, कारण त्याची बरणी निवडताना काकूंचा अनुभव कामी आला. काचेची बरणी त्यांनी नाकारली आणि जाड, पांढऱ्या, अपारदर्शक प्लास्टिकची बरणी दिली, तीही गळ्यापर्यंत न भरता. बाहेरच्या कंटेनरमध्ये ठेवलेल्या बरणीकडे मी दर आठवड्याला पाहत असे. आधी तेल गोठले आणि तुपासारखे पांढुरके झाले, पण खाली खार पातळच होता, कारण मिठाने पूर्ण भरलेले पाणी उणे २१ अंशांपर्यंत गोठत नाही. मार्च-एप्रिलमध्ये चमचा रोवला की लोणचे निघत असे. जूनमध्ये पारा उणे २१ च्या खाली गेला तसा खारही घट्ट झाला, आणि लोणच्याची बरणी हा माझ्या दृष्टीने एक ओबडधोबड तापमापक झाला. ठरलेल्या वेळी खऱ्या उपकरणांवरून नोंदी घेणे हे माझे कामच होते. तरीही बरणीत चमचा शिरतो का हे पाहिल्यावाचून मला करमत नसे.

मेच्या अखेरीस सूर्य क्षितिजाखाली गेला तो जुलैच्या अखेरीपर्यंत वर आला नाही. दुपारच्या सुमारास उत्तरेला तांबूस संधिप्रकाश तेवढा येई. या दोन महिन्यांत झोपेचे वेळापत्रक बिघडते, माणसे कमी बोलू लागतात, आणि जेवणाच्या टेबलावर वेळेवर येणे हाच दिवसाचा आधार होतो. २१ जून हा हिवाळ्याचा मध्य अंटार्क्टिकावरील सर्व स्थानके साजरा करतात, एकमेकांना शुभेच्छा पाठवतात. आमचे सर्वांत जवळचे शेजारी म्हणजे पाच-सहा किलोमीटरच्या आत असलेल्या नोवोलाझारेव्स्काया या रशियन स्थानकातील मंडळी. त्या दिवशी वारा मंद होता म्हणून ती आली, आणि मी टेबलावर ठेवलेला भडंगाचा दुसरा डबा रात्री अकरापर्यंत रिकामा झाला. त्यांच्यातील एका वयस्कर यंत्रज्ञाने केवळ लसणाचे काप वेचून खाल्ले आणि डब्यावरील मांजरपाटाची शिवण बराच वेळ निरखून पाहिली. टाके हाताने घातले आहेत का, असे त्याने खुणेने विचारले. हो म्हटल्यावर त्याने काकूंच्या नावाने पेला उंचावला.

सप्टेंबर आणि ऑक्टोबर हे आमच्या कामाचे सर्वांत महत्त्वाचे महिने. अंटार्क्टिकावरील ओझोनचा थर वसंत ऋतूत विरळ होतो हे फार्मन, गार्डिनर आणि शँक्लिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये हॅली स्थानकावरील नोंदींवरून दाखवून दिले, आणि १९८७ मध्ये ओझोनचा नाश करणाऱ्या रसायनांना आळा घालणारा मॉन्ट्रियल करार झाला. हिवाळ्यात वरच्या वातावरणाचे तापमान उणे ७८ अंशांच्याही खाली गेले की तेथे बर्फाळ ढग तयार होतात. त्यांच्या कणांवर क्लोरीनची निरुपद्रवी संयुगे क्रियाशील होतात, आणि सूर्य परत येताच ओझोनचा नाश सुरू होतो. आम्ही फुग्याला ओझोनमापक बांधून सोडत असू. पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणातून हवा खेचली जाते, ओझोनमुळे द्रावणात सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि तो आकडा रेडिओवरून खाली येतो. फुगा सेकंदाला सुमारे पाच मीटर वेगाने वर चढतो, म्हणजे तीस किलोमीटर उंची गाठायला शंभरएक मिनिटे लागतात. फुगा सोडून, गोठलेली बोटे घेऊन आत यायचे आणि पडद्यावर उमटणारी रेघ पाहत बसायचे. त्या शंभर मिनिटांसाठी माझ्या टेबलावर भडंगाची वाटी असे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात चौदा ते वीस किलोमीटरांच्या दरम्यान ती रेघ जवळजवळ शून्याला टेकली. हे सारे पुस्तकात वाचलेले होते, तरी स्वतः बांधलेल्या उपकरणाने ते आपल्याला सांगावे तेव्हा हातातील घास हातातच राहतो.

पत्र्याच्या डब्याविषयी एक सूचना संशोधकांना उपयोगी पडेल. भारतीय भूचुंबकत्व संस्थेची वेधशाळा मैत्रीवर आहे, आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातील अतिसूक्ष्म बदल मोजणाऱ्या उपकरणांजवळ लोखंड नेता येत नाही. मी एकदा कौतुकाने तेथील सहकाऱ्याला चटणी द्यायला डबा घेऊनच निघालो, तेव्हा त्याने दुरूनच हात वर करून मला थांबवले. डबा खडकावर ठेवून, चटणी कागदात बांधून मग मी पुढे गेलो. ज्यांचे काम अशा उपकरणांशी आहे त्यांनी काकूंकडून ॲल्युमिनियमचे डबे मागून घ्यावेत, ते मिळतात.

परतीच्या आधी, नोव्हेंबरमध्ये, एक अपघात घडला. शेवटच्या डब्यातील उरलेला भडंग एका पिशवीत घालून मी पुढच्या तुकडीला देण्यासाठी उन्हाळी निवासाकडे निघालो असता पिशवी फाटली आणि सगळा भडंग खडकांवर सांडला. चुरमुरे वाऱ्याने उडू लागले. थोड्याच अंतरावर स्कुआ पक्ष्यांची एक जोडी बसली होती. त्यांना माणसांचे अन्न मिळू देता येत नाही, आणि तेथे सांडलेले अन्न कुजत नाही, वर्षानुवर्षे तसेच पडून राहते. आम्ही तिघे गुडघ्यांवर बसून दगडांच्या फटींतून एकेक चुरमुरा, एकेक दाणा, मोहरीचा एकेक कणसुद्धा वेचत होतो. पाऊण तास लागला. डबे, फाटक्या पिशव्या, साडीचे तुकडे आणि तो वेचलेला भडंगही आम्ही इतर कचऱ्याबरोबर बांधून खंडाबाहेर परत आणला.

सांगलीत आल्यावर तडकलेल्या पिशवीचा एक तुकडा मी काकूंना दाखवला. त्यांनी तो वाकवून पाहिला, आपल्या घरच्या गोठवणपेटीत रात्रभर ठेवला आणि दुसऱ्या दिवशी मला फोन करून “खरंच मोडतंय रे” असे सांगितले. त्यानंतर त्यांनी पिशव्या बदलल्या आहेत. आता आत मऊ, जाड पॉलिथिनची पिशवी आणि तिच्याबाहेर मांजरपाटाची थैली असते, आणि डब्याचे नाव चिठ्ठीऐवजी रंगाने पत्र्यावरच, बोटभर उंचीच्या अक्षरांत लिहिलेले असते. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांतून लडाखकडे आणि सियाचीनकडे डबे पाठवणाऱ्या घरांना हा बदल विशेष उपयोगाचा आहे, कारण तेथील थंडीत जुन्या पिशव्या तशाच तडकल्या असत्या. मागणी किमान पंधरा दिवस आधी नोंदवावी, पावसाळ्यात चुरमुरे वाळत नाहीत म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये काकू लांबच्या प्रवासाचे भडंग करून देत नाहीत, आणि पेढ्यांचा आग्रह धरू नये.